घरची उडी

३ ऑक्टोबर

ठिणगीस,

आशीर्वाद आधी, तक्रार मागून. कारखान्याचा इतिहास एका पानात लिहून द्या, असं लिहून तू मोकळी झालीस. शर्यतीच्या मैदानावरच्या भिंतीला लावायचा म्हणतेस. म्हणजे येणारा-जाणारा वाचणार. मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस, सत्तरी उलटल्यावर भिंतीवर निबंध लावू? तुझी ताई म्हणते, "बाबा, तुम्ही बोलता तसं लिहा." मी बोलतो तसं लिहिलं तर भिंत पुरायची नाही, हे लेकीला माहीत असून ती म्हणते.

तरी लिहितो. चुकलं तर फाडून टाक. पण फाडलंस तर कळव, नाहीतर मी वाट बघत बसेन.

आपला कारखाना आधी खुर्च्यांचा होता. लोखंडी नळीच्या घडीच्या खुर्च्या. मी नळ्या वाकवायचो, तुझा बाबा म्हणजे माझा दादा वेल्डिंग करायचा, वहिनी बैठकीचं कापड शिवायची. खुर्चीचं एक सुख असतं, ती कुठे जात नाही. मोडलीच तर माणूस हातभर खाली येतो आणि आपल्याला शिव्या देतो. मला तो धंदा मनापासून आवडायचा. दादाला कंटाळा यायचा.

कारखान्यामागे बंद पडलेल्या वीटभट्टीचे मातीचे ढिगारे होते. पोरं तिथे सायकली उडवायची आणि मोडलेल्या सायकली दादाकडे आणायची. दादा फुकटात जोडून द्यायचा. एक दिवस म्हणाला, "एकच सायकल किती वेळा जोडू? त्यापेक्षा न मोडणारी बनवू." न्हाव्याच्या दुकानात भिंतीला एका मासिकातलं चित्र चिकटवलेलं होतं, बीएमएक्स म्हणतात त्या उड्यांच्या छोट्या सायकलवर उडणाऱ्या माणसाचं. दादा दाढीला बसला आणि अर्ध्या दाढीने उठून पट्टी घेऊन चित्र मोजू लागला. त्या माणसाच्या बुटावरून त्याने फ्रेमचं माप काढलं. आपल्या फ्रेमचं माप आजही त्याच बुटाचं आहे. हे भिंतीवर लिहायचं की नाही ते तू ठरव.

पहिली फ्रेम खुर्चीच्या नळीची होती. दादा स्वतः घेऊन ढिगाऱ्यावर गेला. बायको-पोरीचा माणूस, अंगात वेल्डिंगचा अंगरखा. खाली टेकताना फ्रेम मानेतून तुटली, जिथे हँडलची नळी खालच्या नळीला मिळते तिथून. दादाचे पुढचे दोन दात गेले. आवाज ऐकून मी कारखान्यातून धावलो तर तो मातीत बसून रक्ताळल्या तोंडाने हसत होता. "बघ, बघ कुठे तुटली!" म्हणत होता. असा माणूस.

मी त्या मानेखाली जाड पत्र्याची एक पट्टी लावली. दादा म्हणाला, "ही तुझी काळजीची पट्टी." तेव्हापासून प्रत्येक फ्रेमला ती आहे. आणि दादाने नियम केला, घरच्या माणसाने उडी मारल्याशिवाय फ्रेमला रंग नाही. टेम्पो लागतो त्या ओट्यावरून, खाली फरशीवर, तीन वेळा. आधी तो मारायचा. नंतर तू. शाळेच्या गणवेशात तू मारलेली पहिली उडी वहिनीने अजून मला माफ केलेली नाही, जसं काही मीच तुला ढकललं.

दोघा भावांचा म्हणून नाव 'जोडी' ठेवलं. इतिहास संपला.

काका

ता.क. गॅसच्या टाकीचा नळ संध्याकाळी कोण बंद करतं? नाव कळव.


१४ ऑक्टोबर

काका,

नमस्कार घ्या आणि तक्रारही परत घ्या. एक पान मागितलं होतं, गठ्ठा आला. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "माफ केलेलं नाहीच, सांग त्याला." बुटाची गोष्ट मला माहीतच नव्हती! ती भिंतीवर जाणार, मग कोणी हसो.

आता कामाचं. चिमणी तुम्हाला आठवते ना? दूधवाल्याची थोरली. नावाची चिमणी, अंगाने पैलवान. लहानपणापासून आपल्याच सायकलवर आहे आणि आता मैदानावर तिच्यापुढे कोणी नाही. नव्या वर्षात मोठी शर्यत आहे. तिचा प्रशिक्षक मला तोंडावर म्हणाला, "ताई, तुमची फ्रेम मजबूत आहे, पण तिला सुरुवातीच्या फळीवरून सुटताना म्हैस ओढल्यासारखं होतं." वजन उतरलं नाही तर तो तिला मोठ्या कंपनीची फ्रेम देणार. आणि चिमणीने 'जोडी' सोडली की मैदानावरचं प्रत्येक पोर सोडणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही ताईकडे राहायला गेल्यावर मी नळी बदलली. पातळ, पण चिवट. तरी वजन हवं तेवढं उतरत नाही. मग राहतं काय? पट्टी. काका, मला पट्टी काढायची आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही.

बाकी सगळं तुमच्या वेळेसारखं चालू आहे. उडीच्या वेळी ग्राइंडरसुद्धा लावतो. तुम्ही लावायचात तसाच, फ्रेम ओट्यावर आली की. तुम्ही नाही म्हणून बटण रंगारी दाबतो, आणि दाबण्याआधी टोपी काढतो.

गॅसचा नळ मी बंद करते. नाव तुम्हीच ठेवलंय, ठिणगी.


२० ऑक्टोबर

ठिणगीस,

तुझं पत्र दुपारी आलं आणि जेवण तसंच राहिलं. ताई रागावली आहे, पत्राच्या दिवशी मला आधी वाढायचं आणि मग पत्र द्यायचं असं तिने ठरवलं आहे.

पट्टी काढायची? दादाचे दोन दात त्या पट्टीत आहेत. तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला फक्त बोळक्या तोंडाचा बाबा आठवतो. मला ती मान तुटल्याचा आवाज आठवतो. त्या चिमणीला तू पट्टीशिवायच्या फ्रेमवर बसवणार आणि ती पैलवान मुलगी उंचावरून खाली येणार. तिच्या वडिलांना मी कोणत्या तोंडाने भेटू? त्याने आयुष्यभर आपल्याला बिनपाण्याचं दूध दिलं.

वजन कमी करायचं तर दुसरीकडून कर. सीटचा दांडा आखूड कर. रंगाचा एक हात कमी दे. प्रशिक्षकाला म्हणावं, मुलीचा खुराक बघ आधी.

आणि एक विचारतो, खरं सांग. मी तिथून निघाल्यापासून एखादी फ्रेम तुटून परत आली आहे का?

तू काम चांगलं करतेस, यात मला शंका नाही. तुझं वेल्डिंग दादापेक्षा सरळ आहे. हे मी त्याच्यासमोरही बोललो असतो. शंका मला फक्त जमिनीची आहे.

काका

ता.क. उडीच्या वेळी ग्राइंडर लावायची काही गरज नाही. उगाच वीज जाते. त्याबद्दल परत कधीतरी.


२ नोव्हेंबर

काका,

नमस्कार. पट्टी तूर्त राहील. जेवत जा.

आईची कंबर बरी आहे. रंगाऱ्याने नवा निळा काढलाय, बघितला तर तुम्ही म्हणाल डोळ्यांत खुपतो, म्हणून पाठवत नाही. सीटचा दांडा आखूड करून बघितला, चिमणीचे गुडघे हनुवटीला लागतात. खुराकाचं प्रशिक्षकाला सांगितलं नाही, कारण चिमणी शेजारीच उभी होती आणि तिच्या हातात पंप होता.

घाईत आहे. सविस्तर नंतर.

ठिणगी


१० नोव्हेंबर

ठिणगीस,

तू कंबरेचं लिहिलंस, निळ्याचं लिहिलंस, पंपाचं लिहिलंस. मी विचारलं होतं फ्रेमचं. त्याला बगल दिलीस. तू लहानपणीही अशीच होतीस, काच फुटली की आधी अभ्यासाला बसायचीस.

काल रंगाऱ्याचा ताईला फोन आला होता. तिच्या दाराला कोणता रंग हवा ते विचारायला. बोलता बोलता म्हणाला, "काकांना सांगू नका, पण रंगखोलीमागे दोन फ्रेमी ताडपत्रीखाली झाकून ठेवल्यात. हात लावायचा नाही अशी ताकीद आहे." ताईने मला सांगितलं नाही. पण फोन स्पीकरवर होता.

मी मूर्ख नाही. मला कळलं. तू त्या मोठ्या कंपनीच्या फ्रेमी आणल्यास. त्यांच्यावर आपला बिल्ला ठोकायचा, निळा रंग मारायचा आणि 'जोडी' म्हणून चिमणीला द्यायची. वजन उतरलं, प्रशिक्षक खूश, काकाला पत्रात पंपाची गोष्ट.

तसं असेल तर आताच सांग. मी आरडाओरडा करणार नाही. पण बिल्ला काढून माझ्याकडे पाठव. जोडीतला एकजण अजून आहे.

काका


१५ नोव्हेंबर

काका,

नमस्कार करायची आज इच्छा नाही, पण आई शेजारी बसली आहे म्हणून नमस्कार.

दुसऱ्याच्या फ्रेमवर आपला बिल्ला? मी? ज्या ओट्यावरून उडी मारताना माझं मनगट दोनदा मोडलं, त्या ओट्याची शपथ घेऊन सांगते, असं मनात आणलं असतं तर मी आधी खुर्च्या विकायला बसले असते. तुम्हाला असं सुचलं तरी कसं?

आता ऐका. ताडपत्रीखाली आपल्याच फ्रेमी आहेत. परत आलेल्या. दोन्हींना चीर गेली आहे. कोणाला काही लागलेलं नाही, दोन्ही वेळा पोरांना सायकल धुताना दिसलं. दोघांनाही मी नव्या फ्रेमी दिल्या. आणि चीर मानेत नाही, काका. माना एकदम ठणठणीत आहेत. चीर पट्टीच्या खालच्या टोकाशी आहे, जिथे पट्टी संपते आणि नुसती नळी सुरू होते, नेमकी तिथे. दोन्हींना, एकाच जागी.

म्हणून मला पट्टी काढायची होती. वजन हे निम्मं कारण होतं. उरलेलं निम्मं तुम्हाला कसं लिहायचं ते कळेना. ज्या पट्टीवर तुम्ही आयुष्यभर विसंबलात, तीच नळी कापतेय, हे पत्रात वाचायला लावायचं आणि शेजारी आपण नसायचं. म्हणून कंबर आणि पंप.

मला अजून एक कोडं सुटत नाही. दोन्ही फ्रेमी घरच्या उडीला उतरल्या होत्या. मी स्वतः मारली, तीन-तीन वेळा. बाबा म्हणायचे, फ्रेममध्ये खोट असेल तर उडीत बोलते. मग या दोघी का बोलल्या नाहीत?

ठिणगी


२४ नोव्हेंबर

ठिणगीस,

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. ताईने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" म्हटलं, बरं वाटतंय, लिहिता येत नाहीये.

आधी बिल्ल्याचं. मी चुकीचं बोललो. वहिनीला सांग, तिच्यासमोर बोललो असतो तर तिने मला शिलाईच्या टेबलाखाली घातलं असतं. तेवढं समज.

पट्टीचं मला वाईट वाटलं का? वाटलं. एक दिवस वाटलं. मग मी विचार केला की दोन फ्रेमींना चीर गेली, ती पोरांना दिसली, तू बदलून दिल्यास, आणि कोणाचा दात पडला नाही. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते घडून गेलं, आणि तू ते निभावलंस. म्हणजे कारखाना चालतोय. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण माझं डोकं आधी उलट्या दिशेने जातं आणि मग परत येतं.

आता तुझं कोडं. दादा बरोबर म्हणायचा, फ्रेम उडीत बोलते. पण तुम्ही तिचं ऐकता कुठे? शेजारी ग्राइंडर किंचाळतोय.

ते ग्राइंडरचं आज सांगतो. तुम्हाला वाटतं मी तो नियम म्हणून लावायचो. नियम कसला? दादा तुटक्या दातांनी परत ओट्यावर चढला तेव्हा मला ती उडी बघवेना, आणि जमिनीला टेकल्याचा आवाज तर अजिबात ऐकवेना. मग मी तोंड भिंतीकडे करायचो, ग्राइंडर लावायचो आणि पत्र्याचा काही तरी तुकडा घासत बसायचो. ठिणग्या उडायला लागल्या की बरं वाटायचं. तिसरी उडी झाली की कोणी तरी खांद्यावर हात ठेवायचं, मग बंद करायचो. दादा गेल्यावर तू मारायला लागलीस तेव्हा तर मी आणखी जोराने घासायचो. मी आयुष्यात एकही उडी बघितलेली नाही, ठिणगी. सायकलवर बसलोही नाही. हे भिंतीवर लिहू नकोस.

दादाच्या वेळी नळी जाड होती, ती बोलली असती तरी मोठ्याने बोलली असती. तुझी नळी पातळ आहे, तिचा आवाजही बारीक असणार.

ग्राइंडर बंद ठेव. पट्टीवाल्या फ्रेमवर उडी मार आणि कान दे.

काका

ता.क. हेल्मेट घाल. दादाचं जुनं नको, त्याचा पट्टा सैल आहे.


५ डिसेंबर

काका,

सप्रेम, सादर, साष्टांग, जे हवं ते घ्या. बोलली! फ्रेम बोलली!

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचलं. रंगाऱ्याचा चेहरा बघायला हवा होता. "म्हणजे मी इतके दिवस टोपी कशासाठी काढत होतो?" मी म्हटलं, तुझ्या टकलाला वारा लागावा म्हणून. तेवढ्यात आई शिलाईवरून म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला बघवायचं नाही." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही सगळे इतक्या भक्तिभावाने उभे राहायचात, मी कशाला मोडू?"

मग नवी पट्टीवाली फ्रेम घेतली, चाकं चढवली, ओट्यावर गेले. ग्राइंडर बंद. इतकी शांतता की चहावाला आत डोकावून गेला, कोणी गेलं की काय म्हणून. मी उडी मारली. टायर टेकले, चेन खडखडली, आणि त्यांच्यामध्ये एक बारीक 'टक्'. डब्याचं झाकण अंगठ्याने दाबल्यावर येतो ना, तसा. दुसऱ्या उडीला परत. तिसऱ्यालाही, त्याच जागी.

फ्रेम टेबलावरच्या पकडीत घट्ट आवळून वजन टाकलं तेव्हा डोळ्यांना दिसलं. पट्टी जाड, नळी पातळ. पट्टी जरा हलत नाही, मग सगळा भार तिच्या टोकाशी येतो आणि तिथे नळी आत-बाहेर होते. काका, पट्टी बाबांच्या नळीला बरोबर होती. नळी मी बदलली आणि पट्टी तशीच ठेवली, कारण ती तुमची होती. तिला हात लावायचं कोणाच्या मनातच आलं नाही. तुमचं काही चुकलं नाही, आणि माझंही एवढंच चुकलं.

मग पट्टी काढूनच टाकली. 'टक्' गेला. पण भरपूर उड्या मारून, मान सरळ आहे का ते दोरी लावून बघितलं तर ती किंचित झुकलेली. म्हणजे तुमची भीती खोटी नव्हतीच. तिला आधार हवा आहे.

आता जे केलंय ते असं. पट्टी आहे, पण नळीइतक्याच पातळ पत्र्याची, आणि खालचं टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, म्हणजे भार एका रेषेवर न येता दोन्ही बाजूंना पसरतो. काळजी तेवढीच ठेवली, जाडी कमी केली. वजन प्रशिक्षकाने स्वतः उचलून बघितलं. म्हशीचं नावही काढलं नाही.

चिमणीची फ्रेम तयार आहे. रंग नाही, कारण घरची उडी व्हायची आहे. आणि ती तुम्ही आल्याशिवाय होणार नाही. प्रशिक्षक घाई करतोय, त्याला मी सांगितलंय, घरचं माणूस यायचं आहे.

ठिणगी


११ डिसेंबर

ठिणगीस,

येतो. ताई गाडीने आणते आहे. माझी औषधं, गुडघ्याचा पट्टा, जाडी उशी आणि घोंगडी असं सगळं बरोबर आहे, त्यामुळे मागच्या सीटवर मला जागा असेल की नाही सांगता येत नाही.

तू मानेला दोरी लावून बघितलीस, हे वाचून बरं वाटलं. दादा डोळ्याने बघून सोडून द्यायचा.

पण आधीच सांगतो. येईन, बसेन, पट्टीवरून अंगठा फिरवेन. उडी बघणार नाही. माझं स्टूल ग्राइंडरजवळच ठेवा.

काका


२८ डिसेंबर

ठिणगीस,

सुखरूप पोचलो. उशी तिथेच राहिली, राहू दे.

तुम्ही सगळे त्या दिवशी फ्रेमकडे बघत होता. माझं काय झालं ते कोणी बघितलं नाही, वहिनी सोडून. म्हणून लिहितो.

तू ओट्यावर चढलीस तेव्हा मी स्टुलावर होतो, तोंड भिंतीकडे. पट्टीवरून अंगठा आधीच फिरवला होता, शिलाईच्या टाक्यांसारखं एकसारखं वेल्डिंग, कुठे खरखर नाही. काम चोख होतं, मला ठाऊक होतं. तरी हात आपोआप बटणावर गेला. दाबलं. ग्राइंडर चालू होईना. परत दाबलं. वळून बघतो तर वहिनी उभी, हातात वायरची पिन. म्हणाली, "भावजी, आता पुरे. बघा." चिमणी तिच्यामागे हसत होती, त्या मुलीला हसताना बघून भिंतही सरकेल.

आणि मी वळलेलाच होतो, म्हणून बघितलं.

तू सुटलीस. पुढचं चाक ओट्याच्या कडेवरून गेलं, मागचं गेलं. माझ्या हिशेबाप्रमाणे आता जमीन यायला हवी होती. आयुष्यभर मी डोळे मिटून जी उडी बघत आलो तिच्यात कड संपली की जमीन येते, आणि मोडल्याचा आवाज येतो. पण जमीन आलीच नाही. तू वर होतीस. हात सैल, गुडघे जरा वाकलेले, चाकं आपापली फिरत होती, आणि फ्रेमखालून मला पलीकडचं दार दिसत होतं. ठिणगी, मधे एवढा वेळ माणूस वर असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

मग टायर टेकले, चेन वाजली, आणि पुढे काही नाही. टक् नाही. तुम्ही सगळे फ्रेमवर वाकलात, कान लावलात, रंगाऱ्याने तर टोपी हवेत टाकली. मी अजून तिथेच बघत होतो, ओट्याच्या कडेपलीकडे, वर. दुसरी उडी बघितली. तिसरीही बघितली. तिसरीला मी तोंडाने काही तरी ओरडलो असं वहिनी म्हणते. मी नाकारत नाही.

गाडीत परत येताना दादा आठवला. मातीत बसून, रक्ताळल्या तोंडाने हसणारा. इतकी वर्षं मी समजत होतो, फ्रेम कुठे तुटली ते कळलं म्हणून तो हसत होता. बोट त्याचं तिथेच होतं, म्हणून मी तिकडेच बघितलं आणि पट्टी लावली. आता वाटतं, त्याचं हसू त्याच्या आधीच्या त्या जरा वेळाचं होतं. तो मला सांगणार असेल. मी त्याच्या दातांकडे बघत होतो.

भिंतीवरच्या पानात एक ओळ घाल. बुटाच्या मापानंतर आणि दातांच्या आधी. "पहिली फ्रेम मोडली, पण त्याआधी ती उडाली." तेवढी घातलीस तर बाकीचं कापलंस तरी चालेल.

चिमणीची शर्यत झाली की कळव. जिंकेल ती. ही फ्रेम घेऊन हरायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतील. तिला कोणता रंग दिलास? त्या निळ्याला मी तिथे आल्या आल्या नावं ठेवली होती, पण उन्हात बरा दिसतो.

काका

ता.क. गॅसचा नळ बंद केलास का, असं लिहिणार होतो. केला असशील.